कामप्रेरणा : मराठीतील शास्त्रीय विचार

कामप्रेरणा म्हणजे माणसाला लैंगिक सुखाकडे वळविणारी मानसिक ओढ, तर कामोद्दीपन म्हणजे त्या ओढीबरोबर, क्वचित तिच्या आधी आणि क्वचित तिच्याविनाही, शरीरात घडून येणारे बदल. या दोहोंतील भेद शास्त्रात स्पष्ट होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तत्पूर्वी महाराष्ट्रात हा विषय धर्म, नीती, वैद्यक आणि शाहिरी अशा वेगवेगळ्या दालनांत विखुरलेला होता. त्याला शरीरशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या कक्षेत आणून सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत मांडण्याचे कार्य प्रामुख्याने रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी केले. त्यांनी चालविलेल्या समाजस्वास्थ्य या मासिकाचा (१९२७–५३) इतिहास हाच मराठीतील कामविज्ञानाच्या आरंभकाळाचा इतिहास होय.

प्राचीन भारतीय विचारात ‘काम’ हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला जाई आणि त्याचे स्वतंत्र शास्त्र होते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात स्त्रीला पुरुषासारखेच रतिसुख मिळते काय, हा प्रश्न पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या रीतीने चर्चिलेला आहे. औद्दालकीच्या मते स्त्रीचे सुख पुरुषाच्या सुखाहून भिन्न स्वरूपाचे असते. बाभ्रवीयांच्या मते ते आरंभापासून अखेरपर्यंत अखंड असते. स्त्री व पुरुष एकाच जातीचे प्राणी असल्यामुळे दोघांचे सुखही समान असले पाहिजे, असा निष्कर्ष वात्स्यायनाने काढला. हा निष्कर्ष निरीक्षणापेक्षा तर्कावर आधारलेला आहे. तथापि प्रश्न विचारण्यात संकोच नाही, ही बाब लक्षणीय होय. महाराष्ट्री प्राकृतातील, सातवाहन राजा हालाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत कामभावनेची अनेक वर्णने स्त्रीच्याच तोंडी घातलेली आहेत. पेशवाईतील लावणीतही हाच सूर ऐकू येतो. नासिक जिल्ह्यात सिन्नरच्या परिसरात वाढलेला परशराम, तसेच होनाजी, रामजोशी व प्रभाकर या शाहिरांनी विरहिणीची आणि अतृप्त तरुणीची तगमग उघडपणे मांडली. मात्र हे शब्द स्त्रीचे असले, तरी रचना पुरुषांची व श्रोतेही बहुधा पुरुषच, हे विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा उघडेपणा लोपला. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या व्हिक्टोरियन सभ्यतेच्या कल्पना आणि वरिष्ठ जातींतील सोवळेपणा यांचा येथे चमत्कारिक मिलाफ झाला. रखमाबाई खटला (१८८४–८८) व संमतिवयाचा कायदा (१८९१) यांनी दांपत्यजीवनाचा प्रश्न वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणला खरा. परंतु दोन्ही वादांत चर्चा झाली ती पतीच्या हक्काची, शास्त्रार्थाची आणि सरकारच्या अधिकाराची. कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले. पत्नीची इच्छा हा विषय रखमाबाईंनी स्वतः नांदावयास जाण्यास नकार देऊन उपस्थित केला होता. पण तो इच्छेचा प्रश्न म्हणून कोणी हाताळला नाही.

याच काळात तरुणांच्या मनात एका भीतीने घर केले. आयुर्वेदात शुक्र हा सातवा व अखेरचा धातू, म्हणजे अन्नरसाच्या दीर्घ परिणतीचे सार मानला जातो. त्याचा व्यय म्हणजे शक्तीचा व्यय, अशी लोकसमजूत त्यातून रुजली. तिकडे स्वित्झर्लंडमधील वैद्य तिसो यांनी अठराव्या शतकात हस्तमैथुनामुळे नाना रोग होतात, असे प्रतिपादिले होते व ते मत यूरोपात शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिले. देशी समजूत आणि विलायती वैद्यक यांनी एकमेकांना दुजोरा दिल्यामुळे ही भीती ‘शास्त्रसिद्ध’ ठरली आणि तिच्या आधारावर ताकदीच्या औषधांचा व्यापार भरभराटीस आला. अशक्तपणा, उदासीनता व लघवीवाटे धातू जात असल्याची तक्रार या लक्षणांच्या समूहाला भारतीय मानसोपचारतज्ञ न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ लक्षणसमूह असे नाव दिले. रोगाचे मूळ वीर्यनाशात नसून त्याविषयीच्या चिंतेत असते, हे आता सर्वमान्य आहे.

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. त्यांचा जन्म कोकणातील मुरुड येथे झाला. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले होते. गणित हा त्यांचा विषय. त्याच्या उच्च अध्ययनासाठी ते १९१९ मध्ये पॅरिसला गेले. तेथील वास्तव्यात त्यांचा फ्रेंच भाषेशी व यूरोपातील कामविज्ञानविषयक साहित्याशी निकटचा परिचय झाला. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मारी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले, यावरून कर्व्यांच्या कार्याचा काळ ध्यानात येईल. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. या मतांच्या जाहीर प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याच्या निर्णयात आणि पुढे ओढगस्तीच्या संसारात त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. स्वतःच्या कार्याची कहाणी लिहिण्याची सवड पतीला मिळाली, तशी ती त्यांना मिळाली नाही. त्यामुळे या केंद्रातील त्यांचा वाटा पुष्कळसा अलिखित राहिला आहे.

१५ जुलै १९२७ रोजी समाजस्वास्थ्य मासिकाचा पहिला अंक निघाला. शरीराचे व मनाचे आरोग्य आणि त्या संदर्भात कामजीवनाचा निर्भय विचार, हा त्याचा हेतू होता. लेखन, संपादन आणि व्यवस्था यांचा बहुतेक भार कर्वे एकटेच वाहत. त्यांच्या मते कामेच्छा ही तहानभुकेसारखीच नैसर्गिक गरज असून तिच्या पूर्तीत स्वतःहून पाप वा पुण्य नाही. दुसऱ्यावर जबरदस्ती, फसवणूक, रोगाचा प्रसार आणि नको असलेली संतती हेच काय ते आक्षेपार्ह. स्त्रीला कामेच्छा असते, ती पुरुषाइतकीच स्वाभाविक असते आणि तिच्या तृप्तीचा स्त्रीला समान हक्क आहे, हे त्यांच्या विवेचनाचे दुसरे सूत्र. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न त्यांनी जणू पुन्हा हाती घेतला होता. फरक इतकाच, की आता तो विद्वानांच्या वादाचा राहिला नव्हता, तर वर्गणीदारांच्या घरातला झाला होता.

मासिकातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे. हस्तमैथुन, स्वप्नावस्था, शीघ्रपतन, समलिंगी आकर्षण, गर्भधारणेची भीती असे विषय त्यांत येत. उत्तरे थोडक्यात, कोरड्या भाषेत आणि उपदेशाविना असत. हस्तमैथुन अपायकारक नाही, अपायकारक आहे ती त्याविषयीची धास्ती, असे सांगणारा दुसरा मराठी आवाज त्या काळी जवळजवळ नव्हता. मराठीत या विषयाचे शब्द एकतर शिवीचे होते किंवा संस्कृत ग्रंथांतले. त्या दोहोंमध्ये बोलता येईल अशी मधली भाषा या उत्तरांनी घडविली, हे त्यांचे वाङ्‌मयीन ऋण अद्याप पुरेसे मानले गेलेले नाही. आधुनिक कामशास्त्र (१९३४) या ग्रंथात त्यांनी विषयाची सलग मांडणी केली.

या लेखनाची किंमत त्यांना न्यायालयात मोजावी लागली. भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाखाली, म्हणजे अश्लील मजकूर प्रसिद्ध केल्याबद्दल, त्यांच्यावर १९३१ मध्ये खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. वरच्या न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. १९३४ च्या दुसऱ्या खटल्याचे कारण प्रश्नोत्तरे हेच होते. या वेळी बचावाचे वकीलपत्र डॉ. भीमराव आंबेडकर यांनी घेतले. आंबेडकरांचा मुद्दा असा होता, की मासिक जर लैंगिक प्रश्नांनाच वाहिलेले असेल आणि वाचकाने तसा प्रश्न विचारला असेल, तर त्याचे उत्तर देणे हा गुन्हा ठरू शकत नाही. उत्तर देऊ नये असे म्हणणे म्हणजे मासिकच बंद करा असे म्हणणे होय. समलिंगी आकर्षणासंबंधीच्या उत्तराच्या समर्थनार्थ हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेण्यात आला. खटला हरला व पुन्हा दंड झाला. स्वतः एलिस यांच्या ग्रंथाच्या विक्रीबद्दलही १८९८ मध्ये इंग्लंडात एका पुस्तकविक्रेत्यावर असाच खटला झाला होता. ‘ज्यांच्या मनावर अशा मजकुराचा वाईट परिणाम होऊ शकेल’ त्यांच्या दृष्टीने मजकूर तपासावा, ही १८६८ मधील हिक्लिन निवाड्याची कसोटी त्या काळी दोन्ही देशांत प्रमाण होती. या कसोटीपुढे लेखकाचा हेतू व मजकुराची सत्यता या गोष्टी निरर्थक ठरत.

कर्वे एकाकी होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले व त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. मुंबईचे डॉ. ए. पी. पिल्ले यांनी १९३४ मध्ये विवाहस्वास्थ्यविषयक इंग्रजी नियतकालिक सुरू केले. त्यात परदेशांतील अग्रगण्य कामविज्ञानवेत्ते लिहीत. वर्ध्यास डिसेंबर १९३५ मध्ये सँगर आणि महात्मा गांधी यांची भेट होऊन दीर्घ चर्चा झाली. कामेच्छा ही प्रजोत्पादनापुरती असावी, एरवी तिचे संयमन करावे, हे गांधीजींचे मत अढळ राहिले. आंबेडकरांचा संततिनियमनविषयक ठराव १० नोव्हेंबर १९३८ रोजी पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला; तो संमत झाला नाही. शकुंतला परांजपे (१९०६–२०००) यांनी १९३८ पासून पुण्यात व आसपासच्या खेड्यांत या कामाला वाहून घेतले. कर्व्यांना लाभलेल्या सहकाऱ्यांत प्रत्यक्ष स्त्रियांपर्यंत पोहोचणाऱ्या बहुधा त्या एकट्याच.

कर्वे लिहीत होते त्याच वर्षांत कामप्रेरणेचा जीवरासायनिक पाया प्रयोगशाळांत उलगडत होता. बेर्टोल्ट यांनी १८४९ मध्येच खच्ची केलेल्या कोंबड्यात वृषणाचे रोपण करून त्याचे आरवणे, झुंजणे व मादीकडे धावणे पूर्ववत होते, हे दाखविले होते. १९२९ मध्ये स्त्रीच्या अंडाशयातील पहिले लैंगिक हॉर्मोन शुद्ध स्वरूपात मिळाले आणि १९३५ मध्ये टेस्टोस्टेरोन वेगळे करून त्याचे संश्लेषणही साधले. हे हॉर्मोन पुरुषांत मुख्यत्वे वृषणात, तर स्त्रियांत अल्प प्रमाणात अंडाशयात व अधिवृक्क ग्रंथीत तयार होते. त्याची पातळी एका मर्यादेखाली गेल्यास पुरुषाची कामेच्छा मंदावते. पातळी प्राकृत असताना ते आणखी दिल्याने इच्छा त्या मानाने वाढत नाही. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत मादी माजावर असतानाच समागम घडतो; मानवी स्त्रीची इच्छा मात्र ऋतुचक्रातील एखाद्या टप्प्याला बांधलेली नाही. मानवात हॉर्मोने वृत्तीला कल देतात, हुकूम देत नाहीत, असे म्हणता येईल.

उद्दीपनाची यंत्रणा तंत्रिका व रक्तवाहिन्या यांच्यावर अवलंबून असते. स्पर्श, दृश्य, गंध, स्मृती किंवा नुसती कल्पना यांपासून निघालेले संदेश मेंदूतील अधोथॅलॅमस व त्याच्याशी निगडित भागांत एकवटतात. तेथून ते मेरुरज्जूच्या त्रिकास्थीय भागातील परानुकंपी तंत्रिकांमार्फत जननेंद्रियांकडे जातात. तंत्रिकांच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड सुटून रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायू सैलावतात, रक्ताचा ओघ वाढतो व शिश्न ताठ होते. स्त्रीमध्ये याच क्रियेने शिश्निका फुगते आणि योनिमार्ग ओलसर होतो. १९९८ मध्ये मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध या साखळीतील एका दुव्यावर काम करते. ते इच्छा उत्पन्न करीत नाही, ही गोष्ट ते घेणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. शिश्निकेचा दिसणारा भाग हा तिचा अल्पांश असून बाकीची रचना आत खोलवर पसरलेली असते, याचे तपशीलवार शरीररचनाशास्त्रीय वर्णन ऑस्ट्रेलियन शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. शतकानुशतके शवविच्छेदन करणाऱ्या शास्त्राला यासाठी इतका काळ लागावा, हे शास्त्रापेक्षा समाजाविषयी अधिक सांगून जाते. मेंदूतील रासायनिक द्रव्यांपैकी डोपामीन इच्छेला पोषक, तर सेरोटोनीन बव्हंशी रोधक ठरते. म्हणूनच नैराश्यावरील काही औषधांनी कामेच्छा कमी होते.

मानसशास्त्रीय बाजूस किन्झी यांचे पुरुषांविषयीचे सर्वेक्षण १९४८ मध्ये व स्त्रियांविषयीचे सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्व्यांचे निधन झाले. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९६६ मध्ये प्रत्यक्ष निरीक्षणांवरून उद्दीपन, पठार, परमोच्च बिंदू व शमन या चार अवस्था वर्णिल्या आणि त्या स्त्रीपुरुषांत मूलतः समान असल्याचे दाखविले. त्यांच्या मांडणीत इच्छेला स्थान नव्हते. शरीर प्रयोगशाळेत येते तेव्हा ती आधीच आलेली असते, असे जणू गृहीत होते. ही उणीव हेलन सिंगर काप्लान यांनी १९७९ मध्ये इच्छा ही वेगळी अवस्था मानून भरून काढली. पुढे रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये असे मत मांडले, की दीर्घकाळच्या सहजीवनात, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, इच्छा पुष्कळदा आधी नसते. जवळीक, विश्वास व स्पर्श यांतून उद्दीपन होते आणि इच्छा त्यामागून जागी होते. त्याच सुमारास बॅनक्रॉफ्ट व यान्सन यांनी उद्दीपक व रोधक अशा दोन परस्परविरोधी यंत्रणांची कल्पना मांडली. रोधक यंत्रणा भीती, लाज, थकवा, अपयशाची चिंता व परिणामांची काळजी यांनी जागी होते. कामेच्छा नाही असे ज्यांना म्हटले जाते, त्यांपैकी अनेकांत उद्दीपनाचा अभाव नसून रोधाचे आधिक्य असते.

शरीराचे उद्दीपन आणि मनाची इच्छा ही दोन्ही नेहमी जुळतातच असे नाही, हेही या संशोधनातून सिद्ध झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत शारीरिक प्रतिसाद व स्वतःला जाणवणारी उत्तेजना यांचा मेळ पुरुषांत अधिक आणि स्त्रियांत बराच कमी आढळला. शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे संमती होती, हा अत्याचाराच्या खटल्यांत व घरगुती बोलण्यातही डोकावणारा युक्तिवाद यामुळे शास्त्रतः निराधार ठरतो.

या ज्ञानाच्या प्रकाशात कर्व्यांचे विचार तपासता, हस्तमैथुन, वीर्यनाश व स्त्रीची कामेच्छा यांविषयीची त्यांची मते खरी ठरलेली दिसतात. भुकेची उपमा मात्र टिकली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रँक बीच यांनी १९५६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे अन्नपाण्यावाचून शरीरातील ऊतींची हानी होते, तशी ती समागमावाचून होत नाही. कामप्रेरणा आतल्या उणिवेतून कमी आणि बाह्य उद्दीपकांतून, पूर्वानुभवातून व कल्पनेतून अधिक उत्पन्न होते. ब्रह्मचर्य आरोग्याला घातकच असते, हे कर्व्यांचे प्रतिपादन म्हणून अतिरेकी होते. ते गणिताचे प्राध्यापक होते. रुग्णालय वा प्रयोगशाळा त्यांच्यापाशी नव्हती, होती ती यूरोपीय पुस्तके आणि वाचकांची पत्रे. परंतु त्यांच्या सिद्धांतापेक्षा त्यांचे प्रत्यक्ष काम आजच्या विचाराला अधिक जवळचे आहे. पाचव्या किंवा सहाव्या बाळंतपणाच्या धास्तीने पतीला टाळणारी स्त्री आणि धातुक्षयाच्या भयाने खंगणारा तरुण यांना त्यांनी कामोत्तेजक औषध दिले नाही. एकीला साधन दिले व दुसऱ्याला माहिती दिली. उपमा भुकेची वापरून त्यांनी चिकित्सा केली ती रोधाची.

कर्व्यांबरोबर समाजस्वास्थ्यही संपले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला व १९५२ मध्ये तेथेच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून या क्षेत्रातील जागतिक संघटना उदयास आली. मात्र सरकारी कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात भर राहिला तो लोकसंख्येच्या आकड्यांवर. सुखाचा मुद्दा त्यातून गळाला. वैद्यकाच्या अंगाने तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी पुढे नेला व १९८५ मध्ये कामविज्ञानाची जागतिक परिषद नवी दिल्ली येथे भरली. मराठी वाचकांसाठी डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या निरामय कामजीवन या ग्रंथाने ते काम केले. य. दि. फडके यांनी कर्व्यांचे चरित्र लिहिले. अमोल पालेकर यांचा ध्यासपर्व हा चित्रपट २००१ मध्ये, तर अजित दळवी यांचे समाजस्वास्थ्य हे नाटक २०१७ मध्ये आले.

कायद्यातील बदल त्याहून सावकाश झाले. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकास निर्दोष ठरविले. हिक्लिन कसोटी २०१४ मध्ये बाजूला सारण्यात आली आणि प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले गेले. विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी केलेले व लोकहिताचे म्हणून समर्थनीय ठरणारे प्रकाशन अश्लील मानू नये, असा अपवाद २९२ व्या कलमात १९६९ मध्ये, कर्व्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, घालण्यात आला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमातही तो कायम आहे.